पाचव्या पांडवाखालची इंगळी

मित्रांनो, दचकू नका, आणि ती चप्पल खाली ठेवा. दगड उचललाच आहे, तर घडीभर ऐका. मी एक म्हातारी इंगळी आहे. मोठ्या काळ्या विंचवाला आमच्या भागात इंगळी म्हणतात. माझे नाव काढले की माणसे खाटेवर पाय वर घेऊन बसतात. पण खरे सांगू का, या गोष्टीत सगळ्यात जास्त घाबरलेले कोण असेल, तर ती मीच. मी जन्माचीच भित्री. मला पावलांची भीती वाटते, वाऱ्याची वाटते, कोंबडीची तर फारच वाटते. आणि सगळ्यांहून जास्त भीती वाटते ती उजेडाची.

माझा जन्म निलंग्याजवळच्या या रानातला. हे रान गुरुपादप्पा नावाच्या शेतकऱ्याचे. त्यांच्या बांधावर दगडांची रास आहे, तिच्यातल्या एका चपट्या दगडाखाली मी राहत असे. वर दगड, खाली काळी माती आणि मध्ये माझ्यापुरती फट. अंधार पडला की बाहेर यायचे, एखादा रातकिडा मिळाला तर खायचा, आणि उजाडायच्या आत परत घरी. माणसे म्हणतात, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. ही म्हण काढणाऱ्याने आम्हाला जरा लांबूनच पाहिले असावे. आमचे घर पाठीवर नसते हो, ते दगडाखाली असते. पाठीवर असतात ती आमची पिल्ले, जन्मल्यापासून पहिली कात टाकेपर्यंत.

त्या वर्षी थंडीत माझ्या पोटात पिल्ले होती. आमची पिल्ले पोटात फार सावकाश वाढतात, कधी कधी वर्ष जाते. आणि पोट जड झाले तसे माझ्या भित्रेपणात एका नव्या भीतीची भर पडली. आमच्या जातीत एक वाईट गोष्ट घडते. सांगायला जड जाते, पण सांगते. बाळंत झालेली इंगळी फार घाबरली, तर ती आपलीच पिल्ले खाऊन टाकते. शेजारच्या दगडाखालच्या इंगळीचे तसे झाले होते. ट्रॅक्टरने तिचे घर भर उन्हात उलटे केले होते. ते पाहिल्यापासून माझे एकच मागणे होते. मला अंधार मिळो, आणि माझ्या हातून तसे न होवो.

मग येळवस आली. लातूरकडच्या मुलांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला घरेच्या घरे कुलूप लावून रानात जेवायला येतात. कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपटी, उभी राहते. कोपीत पाच दगड मांडतात, त्यांना चुना आणि काव लावतात आणि पाच पांडव म्हणून त्यांची पूजा करतात. आता पांडवांना दगड लागणार, आणि दगड तर बांधावर. गुरुपादप्पांची नात सुकन्या चार दगड नेऊन पाचव्यासाठी आली आणि तिने माझे छप्पर उचलले.

भसकन ऊन आत आले. माझी तर पाचावर धारण बसली. मी नांगी वर केली. त्याला माणसे राग समजतात, पण ती भीती असते.

“आज्जा! इच्चू! लई मोठा हाय!” सुकन्या ओरडली.

कुणीतरी काठी घेऊन धावले. तेवढ्यात गुरुपादप्पांचा आवाज आला. “थांबा रे! पांडवाच्या धोंड्याखालचं जनावर हाय. आज येळवस हाय. आज रानात कुणाचा जीव घ्यायचा न्हाई.”

“मग काय करायचं, मामा?” त्यांची सून उमादेवी लांबूनच म्हणाली. “हितंच लेकरं जेवाय बसणार हायेत.”

तिचा नवरा राजशेखर, म्हणजे गुरुपादप्पांचा मुलगा, लातूरला एका शिकवणीत जीवशास्त्र शिकवतो. तो खाली वाकून बघत म्हणाला, “काळी इंगळी हाय. लाल विंचू असता तर मी बी जवळ गेलो नसतो. हिला मी लातूरला नेतो. पोरांना दाखवता येईल.”

अशी मी चिमट्याने उचलली गेले आणि ज्वारीच्या उकडलेल्या उंड्यांच्या रिकाम्या डब्यात पडले. माझा दगड पाचवा पांडव होऊन कोपीत गेला, आणि मी मोटारीत बसून लातूरला.

राजशेखरच्या बैठकीत काचेची एक पेटी होती. पूर्वी तिच्यात मासे होते. तिच्या तळाशी त्याने बांधकामाची वाळू पसरली, वर बारीक जाळीचे झाकण बसवले आणि आतल्या बाजूने पांढऱ्या दिव्यांची एक लखलखीत पट्टी चिकटवली. पेटीत लपायला काही नव्हते. मी एका कोपऱ्यात गेले, तिथेही उजेड. दुसऱ्या कोपऱ्यात गेले, तिथेही तोच. माझे डोळे तसे मंद आहेत, पण उजेड मला सगळ्या अंगाने कळतो, अगदी शेपटीलाही कळतो. पाय पोटाशी घेऊन मी वाळूला चिकटून बसले. पोटातली पिल्लेही माझ्यासारखीच भीत असतील का, हा विचार काही जाईना.

हा दिवा विझवावा असे कुणालाच वाटत नव्हते, कारण उमादेवीला माझी भीती वाटत होती.

“दिवा बंद करायचा न्हाई,” तिने पहिल्याच दिवशी बजावले. “अंधारात ती कुठं गेली, कसं कळायचं? नुसतं ह्या खोलीतून जायचं म्हणलं तरी मी भिंतीभिंतीनं जाती.”

म्हणजे बघा, तिची भीती कमी व्हावी म्हणून दिवा जळत होता, आणि तो जळत होता म्हणून माझी भीती वाढत होती. आम्ही दोघी एकाच खोलीत एकमेकींना भीत बसलो होतो. शिवाय राजशेखरकडे नोटा तपासायचा एक जांभळा टॉर्च होता. त्याच्या उजेडात माझे काळे अंग हिरवट चमकते. शिकवणीची मुले आली की तो टॉर्च माझ्यावर धरायचा आणि मुले “वा!” म्हणायची. कौतुक कुणाला आवडत नाही? पण त्या कौतुकाने मी वाळूत तोंड खुपसायचे.

पेटी ओकीबोकी दिसते म्हणून मग उन्हाळ्याच्या तोंडी तिच्यात झाडे लावायचे ठरले. राजशेखरने एक छोटा निवडुंग आणला. विंचू म्हणजे वाळवंट, असे त्याच्या डोक्यात बसले होते. मी दिव्याला भिऊन मागे सरकले की काटे टोचायचे. माझी पाठ कडक असली तरी पोटाची बाजू मऊ असते, आणि त्या पोटात माझी पिल्ले होती. ते बघून उमादेवीने निवडुंग काढायला लावला. मला जरा बरे वाटले. पण तिने त्याच्या जागी काय लावले? बेलाचे रोप.

“महादेवाजवळ साप-विंचू गुमान असतेत,” ती हात जोडून म्हणाली. “बेल असला की ही बी गुमान राहील.”

तिची श्रद्धा खरी होती, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण बेलालाही काटे असतात. आणि बेलाला ऊन लागते. रोप दोन-चार दिवसांत मान टाकू लागले, तशी पेटी उचलून पश्चिमेच्या खिडकीत ठेवली गेली. आगीतून फुफाट्यात! लातूरचे चैत्रातले ऊन, आणि मी काचेच्या आत. वाळू तव्यासारखी तापायची. खाणे मी सोडूनच दिले. माणसे हरली की त्यांनी नांगी टाकली असे म्हणतात ना, तशी मी खरोखरच नांगी जमिनीवर टाकून पडून राहिले. भीक नको पण कुत्रा आवर, असे मला त्या घराला सांगायचे होते. पण इंगळीचे कोण ऐकणार?

ऐकले ते सुकन्याने, आणि तेही वीज गेली म्हणून. एका संध्याकाळी सगळ्या गल्लीची लाइट गेली. माझ्या पेटीतला दिवा पहिल्यांदा विझला. आधी मला ते खरेच वाटेना. मग मी एक पाय पुढे टाकला, मग दुसरा. मी पेटीभर हिंडले, वाटीतले पाणी प्याले. सुकन्या काचेशी बसून माझ्या पायांची खसपस ऐकत होती. तेवढ्यात लाइट आली आणि मी धडपडत कोपऱ्यात पळाले.

“पप्पा,” ती म्हणाली, “लाइट गेली की ही हिंडायलीय अन् आली की पळायलीय. ही आपल्याला न्हाई भ्यायली. दिव्याला भ्यायलीय.”

राजशेखरने पेटीतला दिवा एकदा बंद करून पुन्हा लावून पाहिला. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाला, “हाव गं. मी फळ्यावर रोज निशाचर म्हणून लिहायलोय, अन् घरात हिला चोवीस तास दिव्याखाली बसवलंय.”

त्याने माझे पोटही त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. ते फुगलेले होते आणि बाजूंना पांढरट ताणले गेले होते. “हिच्या पोटात पिल्लं हायेत,” तो हळूच म्हणाला. त्यानंतर घरातली बोलणीच बदलली. झाड पेटीच्या शोभेसाठी निवडायचे नाही, हिच्यासाठी निवडायचे, असे बापलेकींचे ठरले. त्याला काटे नकोत. ते कमी उजेडात जगणारे हवे, म्हणजे दिवाही कमी लागेल. रोपवाटिकेतले तर नकोच, कारण तिथे कीड लागू नये म्हणून रोपांवर औषध मारलेले असते, आणि किड्याला मारणारे औषध इंगळीलाही सोडत नाही.

“आज्जाच्या विहिरीत नेचा हाय की,” सुकन्याला आठवले. “कडेच्या दगडात उगवतो तो. तिथं कुठं ऊन पडतं?”

गुरुपादप्पांना फोन गेला. ते निलंग्याहून एसटीने आले. पिशवीत विहिरीतला नेचा, माझ्याच बांधावरची काळी माती आणि येळवशीच्या आंबिलीच्या फुटक्या मडक्याचे एक मोठे खापर होते. स्वयंपाकघरातल्या बाटलीत वाढलेली मनी प्लांटची एक फांदीही पेटीत आली. खापर पालथे घातले आणि त्याखाली मला पुन्हा माझा अंधार मिळाला. पांढरी पट्टी काढून टाकली. नेच्यासाठी एक लहान दिवा पेटीच्या बाहेर, खापरापासून लांब लावला. तो दिवसा थोडा वेळ लावायचा आणि सांज झाली की बंद. पेटी खिडकीतून काढून भिंतीच्या सावलीत आली. उमादेवी मात्र एका अटीवर तयार झाली. तिने स्वयंपाकघरातून दगडी वरवंटा आणला आणि झाकणावर ठेवला.

“आता कुठं जाती बघू,” ती म्हणाली.

जाते कुठे? मला ती माती सोडून कुठेच जायचे नव्हते. मातीला घरचा वास होता. माझ्या जिवात जीव आला. पण मित्रांनो, भित्र्याला फार दिवस निर्धास्त बसायची सवय नसते, आणि ते बरेच असते.

नेच्याला ओल लागते. रोज पाणी शिंपडावे लागेल, असे राजशेखर बोलून गेला होता. गुरुपादप्पा पुढच्या खेपेला आले ते मोठ्या उत्साहाने हातात एक छोटा फवारा घेऊन. शेतकऱ्याच्या घरात फवारा असतोच. त्यांनी तो पाण्याने भरला, झाकण उघडले आणि नेचा छान भिजवला. मडक्याच्या खापरावरही दोन झोत मारले.

सुरुवातीला मला गार वाटले. मग एक उग्र, कडवट वास आला. माझ्यासाठी सोडलेले रातकिडे उड्या मारेनासे झाले आणि एकेक करून उताणे पडले. माझे पाय माझे ऐकेनात. ते आपोआप थरथरू लागले. मी खापराबाहेर आले, दिवसाउजेडी, कारण आत राहवत नव्हते. इतकी भीती मला काठीचीही वाटली नव्हती. काठी दिसते, तिच्यापुढून पळता तरी येते. हे पोटापर्यंत जाणार होते.

सुकन्या शाळेतून आली आणि काचेजवळ येताच किंचाळली. राजशेखर धावत आला. त्याने फवारा नाकाशी धरला.

“आप्पा, ह्यानं हरभऱ्यावर औषध मारलं होतं का?”

“हाव, आळीचं मारलं होतं. पण तीन बार धुतलाय रे मी. साबणानं धुतलाय.”

“प्लास्टिकात मुरतं ते, आप्पा.”

गुरुपादप्पा पेटीपाशी वाकले. “लेकराला पाणी म्हणून काय पाजलं मी,” एवढेच म्हणाले.

मला चिमट्याने स्टीलच्या बादलीत ठेवले आणि माझ्यावर हळूहळू साधे पाणी ओतले. पेटीतली माती, नेचा, फांदी, सगळे काढून टाकले. खापर फेकले. काच पुन्हा पुन्हा धुतली. बादलीवर ओले फडके टाकले, आणि मी त्या अंधारात पाय थरथरत पडून राहिले. पोटात काही हालचाल आहे का, एवढेच मी बघत होते. गुरुपादप्पा त्याच पावली बस धरून गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी नवी माती आणि नवा नेचा घेऊन आले. नव्या खापरासाठी त्यांनी चांगला धड माठ फोडला होता. पाणी शिंपडायला या वेळी इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली, तिच्यात पाण्याशिवाय कधी काही गेले नव्हते. तरी गुरुपादप्पा आधी स्वतःच्या तळहातावर फवारायचे आणि वास घ्यायचे. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात ना.

मी वाचले. पिल्ले वाचली की नाही, ते मला कळत नव्हते. ती भीती घेऊन मी सगळा उन्हाळा काढला.

श्रावणात एका संध्याकाळी माझी वेळ आली. खापराखाली, ओल्या मातीवर एकेक पिल्लू बाहेर येऊ लागले. पांढरे, मऊ, तांदळाच्या दाण्याएवढे. ती जिवंत होती! एकेक जण माझ्या पायांवरून चढून पाठीवर जाऊन बसत होते. मी हलतही नव्हते.

राजशेखरने वाकून पाहिले आणि त्याला आनंद आवरेना. त्याने शिकवणीच्या मुलांना बोलावले. बैठकीत गर्दी झाली. कुणी नीट दिसत नाही म्हणाले, तेव्हा त्याने मोठी ट्यूब लावली, वरवंटा बाजूला करून झाकण काढले आणि खापर उचलले. जांभळा टॉर्च लागला. मोबाइलचे दिवे लागले. पावलांनी जमीन हादरू लागली.

मित्रांनो, मला शेजारची इंगळी आठवली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली, आता कुणीच वाचायचे नाही. त्या गडबडीत एक पिल्लू पाठीवरून घसरून पडले. माझे तोंडाजवळचे चिमटे पुढे गेले आणि त्यांनी त्याला धरले. त्याला मी तोंडाकडे नेऊ लागले. ते माझे पिल्लू आहे हे मला कळत होते. तरी चिमटे थांबत नव्हते.

“पप्पा, ती खायलीय त्याला!” सुकन्या रडत ओरडली. राजशेखर टॉर्च विझवायला गेला, तो त्याच्या हातून पडला आणि पेटताच राहिला.

आणि एकदम सगळे विझले. ट्यूब, स्वयंपाकघर, सारे घर. कुणीतरी जिन्याखालचे मेन बटण खाली ओढले होते, आणि धावत परत येऊन पडलेल्या टॉर्चवर पदर टाकला, मोबाइलचे दिवे बंद करायला लावले. ती उमादेवी होती.

“निघा सगळे,” ती म्हणाली. “गुमान निघा. बाळंतिणीच्या खोलीत एवढा उजेड अन् एवढी माणसं असतेत का? लाज वाटू द्या जरा.”

पावले गेली. कुणीतरी हाताने चाचपत खापर जागेवर ठेवले. झाकण लागले, पण घाईत वरवंटा खालीच राहिला.

“मम्मी, तुला भीती वाटंना का अंधारात?” सुकन्याने विचारले.

“वाटायलीय की. लई वाटायलीय.” उमादेवी जमिनीवर बसली होती, पाय पोटाशी घेऊन, अगदी माझ्यासारखी. “पण तिला बी वाटतच आसंल. बस हितंच, गप.”

अंधार माझ्या अंगावर पसरला. माझे चिमटे सैल पडले. पिल्लू अजून हलत होते. मी त्याला खाली ठेवले. ते चाचपडत माझ्या पायावर चढले आणि भावंडांत जाऊन बसले. आयुष्यात मला कधी कुणाचे पाय धरावेसे वाटले असतील, तर त्या वेळी उमादेवीचे. बरे झाले, धरले नाहीत.

पिल्लांनी कात टाकली, ती पाठीवरून उतरली, आणि मग त्या घराने आम्हाला सगळ्यांना इथे रानात आणून सोडले. “रानचं जनावर रानातच बरं,” राजशेखर म्हणाला. कोपीतला माझा दगड गुरुपादप्पांनी पुन्हा बांधावर, होता तिथेच ठेवला होता. पिल्ले आपापल्या वाटेने गेली. आमच्यात निरोप घेत नाहीत.

नंतर येळवस पुन्हा आली. जमीन हादरू लागली तशी मी आत आत सरकले. दगडावर काठीने टकटक झाले. मग तो अगदी थोडा, बोटभर उचलला गेला आणि लगेच खाली आला.

“सुकन्या, चारच पांडव झालेत की गं!” कोपीतून गुरुपादप्पांची हाक आली. “पाचवा आण!”

“पाचवा न्हाई यायचा, आज्जा. त्याच्या घरात बाई हाय.”

 मग पावले माझ्याकडेच आली. गुरुपादप्पांनी माझ्या छपराला तिथल्या तिथे चुना आणि काव लावली. चुन्याचा एक गार थेंब फटीतून माझ्या पाठीवर पडला. उमादेवीने दगडाजवळ एक उंडा ठेवला. मी उंडे खात नाही, पण ते तिला कोण सांगणार? “नीट राहा गं,” ती म्हणाली, आणि आताही दोन पावले मागे सरकली.

तेव्हापासून पांडवांची पूजा दोन ठिकाणी होते, चौघांची कोपीत आणि एकाची बांधावर. रंगवलेला दगड इथले कुणी उचलत नाही. तुम्ही बाहेरून आलात, म्हणून उचललात. तुमच्यावर राग नाही. फक्त आम्हाला हात लावू नका, आणि घरी नेऊ नका. आणि कोणत्याही जिवाजवळ दिवा लावाल, झाड लावाल, तेव्हा एकदा विचारा की ते नक्की कुणासाठी लावता आहात.

माझी गोष्ट एवढीच. आता तो दगड खाली ठेवा. हळूच ठेवा. माझ्या पोटात पुन्हा पिल्ले आहेत, आणि घरात उजेड येतो आहे.